स्वस्तातली पेस्ट आणि हापशाचं पाणी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते, पंधरा-सोळा वर्षं झाली आता, आणि आज तुमच्याशी टूथपेस्टबद्दल बोलायचंय. एक काम करा, बोलणं ऐकता ऐकता घरातली ट्यूब हातात घ्या, मोरीजवळ असेल, आरशामागे असेल, जिथं असेल तिथून आणा, कारण मी जे सांगणार आहे ते त्या ट्यूबवरच लिहिलेलं आहे.

मागच्या महिन्यात एक ताई त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. गाल सुजलेला, रात्रभर पोरगं झोपलेलं नाही, लवंग ठेवून झालेली, शेकून झालेलं, तोंड उघडलं तर खालच्या चारही दुधाच्या दाढा किडलेल्या, एक तर मुळापर्यंत गेलेली. माझी एक सवय आहे, मी प्रत्येकाला म्हणते पुढच्या वेळी येताना घरी वापरता ती पेस्ट घेऊन या, तशी त्या घेऊन आल्या, पिशवीतून एक काळी ट्यूब काढली, शेपूट गुंडाळून त्याला केसांचा चाप लावलेला, आणि म्हणाल्या, "मॅडम, चार नग घेतले तर दोन फुकट भेटले, वर्षभराचं काम झालं." मी ट्यूब उलटी केली, बारीक अक्षरं वाचली. कोळसा होता, पुदिना होता, लवंगेचं तेल होतं, दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये घालतात ते फ्लोराइड कुठंच नव्हतं. आणि शेपटाच्या दाबलेल्या पट्टीवर जी तारीख उठवलेली असते ती पाहिली तर मुदत संपायला दोन महिने राहिलेले, आणि घरात अजून चार ट्यूबा न फोडलेल्या.

त्या ताईंची यात काही चूक नाही हे मी मनापासून सांगते. पुढच्या बाजूला पान काढलेलं असतं, चमकणारे दात असतात, "फ्री" हे केवढं मोठं लिहिलेलं असतं, आणि मुलाच्या दाढेला ज्याची गरज आहे त्या फ्लोराइडचा आकडा मोहरीएवढ्या अक्षरात मागं असतो, दुकानात गर्दीत उभं राहून तो कोण वाचणार.

स्वस्त घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये हं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, दंतमंजनाचा १२ वरून ५ वर, ही चांगलीच गोष्ट झाली, माझ्याकडं येणाऱ्या कित्येक घरांत सहा माणसांत एक ट्यूब पुरवून पुरवून वापरतात, त्यांना याचा फरक पडतो. आणि किंमत जास्त म्हणजे पेस्ट चांगली असं काही नसतं. वीस रुपयांच्या साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइड बरोबर असेल तर ती दोनशे रुपयांच्या बिनफ्लोराइडच्या पेस्टपेक्षा दात किडण्यापासून जास्त वाचवते, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

आता ट्यूब हातात असेल तर मागं बघा. फ्लोराइडच्या पेस्टवर किती पीपीएम फ्लोराइड आहे हे ट्यूबवर आणि खोक्यावर दोन्हीकडं छापलंच पाहिजे, मुदतीची तारीख पण छापलीच पाहिजे, असा आपल्याकडं नियम आहे, आणि हा आकडा १००० च्या वर जाता कामा नये. एक हजार पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड, इतका सोपा हिशोब आहे, पुढं लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. आकडा सापडलाच नाही तर बहुतेक तुमच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नाही, बऱ्याच हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतंच. आणि ती शेपटाजवळची रंगीत चौकट, हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे केमिकल असं जे मोबाइलवर फिरतं, ते सोडून द्या, ती खूण कारखान्यातल्या मशीनला ट्यूब नेमकी कुठं कापायची आणि कुठं बंद करायची हे कळावं म्हणून असते, आतल्या मालाशी तिचा काही संबंध नाही.

ऑफरच्या मालाबद्दल एक गोष्ट मात्र थोडी खोलात सांगते, कारण ही कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त पेस्टमध्ये दात घासायला खडूची पूड असते, कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात फ्लोराइड घालतात ते सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेटच्या रूपात. हे चालतं, उत्तम चालतं, पण ट्यूब जसजशी जुनी होते तसतसं त्यातलं थोडं थोडं फ्लोराइड सुटून खडूतल्या कॅल्शियमला चिकटून बसतं, आणि एकदा चिकटलं की ते दाताच्या कामाचं राहत नाही, आकडा छापलेला तोच पण काम करणारं फ्लोराइड कमी. उष्णतेत हे लवकर होतं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यासमोर आणा, पंचेचाळीस डिग्री, वर पत्रा, आत खोके रचलेले. मुदत संपलेली पेस्ट विष होत नाही, घाबरू नका, पण मुदत संपत आलेल्या सहा ट्यूबा एकदम घेऊन वर्षभर पुरवल्या तर शेवटच्या दोन-तीन ट्यूबांत तुम्ही पैसे फेसाचे देताय. म्हणून तीन-चार महिन्यांत संपेल एवढीच घ्या, तारीख बघून घ्या, आणि घरात आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा.

हं, आता तो फॉरवर्ड. "फ्लोराइड हे विष आहे, अमेरिकेत बंदी आली, तुमचं डॉक्टर तुम्हाला सांगणार नाही." मी सांगते ना. अमेरिकेत वाद चालू आहे तो नळाच्या पाण्याचा. तिथं १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या गावात पहिल्यांदा मुद्दाम पाण्यात फ्लोराइड मिसळलं, लहान मुलांचे दात किडू नयेत म्हणून, आणि मग ते देशभर पसरलं. त्याच्यावर आता प्रश्न विचारले जातायत, आणि ते सगळेच खोटे नाहीत. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी संशोधकांनी सांगितलं की लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, २०२५ मध्ये युटा राज्यानं पाण्यात फ्लोराइड घालायला बंदी केली. त्याच वेळी कॅनडातल्या कॅल्गरी शहरानं २०११ मध्ये बंद केलेलं फ्लोराइड २०२५ मध्ये परत सुरू केलं. युरोपात बहुतेक देश पाण्यात घालतच नाहीत, पण पेस्टमध्ये तिथं आपल्यापेक्षा जास्त, १५०० पीपीएमपर्यंत चालतं. म्हणजे भांडण पिण्याच्या पाण्याचं आहे, ब्रशवरच्या पेस्टचं नाही, आणि भारतात तर आपण पाण्यात फ्लोराइड मिसळत नाही, उलट काढायची वेळ आलेली आहे.

पेस्टमधलं फ्लोराइड करतं काय? आपण गोड खाल्लं, बिस्किट खाल्लं, चहा प्यायलो की तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, ते आम्ल दाताच्या वरच्या टणक थरातले क्षार ओढून काढतं, आणि मग लाळ ते परत भरायचा प्रयत्न करते. दिवसभर ही ओढाताण चालू असते. फ्लोराइड जवळ असलं की हे परत भरणं लवकर होतं, आणि जो नवा थर बसतो तो आम्लापुढं पहिल्यापेक्षा जास्त टिकतो. एवढंच, पण हे दाताच्या पृष्ठभागावर होतं, गिळून नाही. म्हणून दात घासून झाले की थुंकून टाका आणि तांब्याभर पाण्यानं खळाखळा चुळा भरू नका, थोडं तोंडात राहू द्या. ही एक सवय बदलायला माझ्या पेशंटना सगळ्यात जड जातं, "तोंड चिकट लागते मॅडम" म्हणतात, पण आठ दिवसांत सवय होते.

भीती मात्र आपल्या भागात खोटी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, इथल्या कितीतरी गावांत खडकातूनच पाण्यात फ्लोराइड येतं, बोअर जितका खोल नेला तितकी भीती जास्त. दातांवर तपकिरी पट्टे आलेली पोरं, चाळिशीत कंबर धरून चालणारी, खाली बसता न येणारी माणसं आम्ही पाहिलेली आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. आता मघाचा हिशोब काढू. पाण्यात ४ मिलिग्रॅम असेल आणि शेतात राबणारी बाई उन्हाळ्यात तीन लिटर पाणी प्यायली तर दिवसाचं १२ मिलिग्रॅम पोटात गेलं, सगळं, रोज, वर्षानुवर्षं. तिनं ब्रशवर एक ग्रॅम पेस्ट घेतली तर त्यात सगळं मिळून १ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक ती थुंकते. पेस्ट बंद करून हापसा तसाच चालू ठेवणं म्हणजे वासरू बांधून बैल मोकळा सोडण्यासारखं आहे.

लहान मुलांचं वेगळं आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात आणि फ्लोराइडचे डाग तेव्हाच पडतात, नंतर नाही, मोठ्या माणसाला पेस्टनं डाग पडत नाहीत. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि ती मोठ्या माणसानं ब्रशवर लावून द्यायची, पोराच्या हातात ट्यूब द्यायची नाही. बोअरच्या पाण्याचं गाव असेल तर मी सहा वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्यावरच थांबा म्हणते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांब पट्टी कुणालाच लागत नाही, हे लक्षात आलं तरी ट्यूब दुप्पट दिवस जाईल, कुठल्याही ऑफरपेक्षा जास्त पैसे वाचतील. आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची ट्यूब उंचावर ठेवा, दहा किलोच्या बाळानं शंभर ग्रॅमची अर्धी ट्यूब खाल्ली तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं.

पाण्याची तपासणी करून घ्या, ग्रामपंचायतीत विचारा. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. आरओ फिल्टरनं जातं. तुरटी आणि चुन्यानं काढायची पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं शोधलेली आहे, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला.

आणि मशेरी लावणाऱ्या माझ्या आयाबायांनो, तंबाखू घातलेल्या पेस्ट-मंजनावर १९९२ पासून बंदी आहे, चुलीवर भाजलेल्या मशेरीवर कुणी बंदी घालायला येणार नाही, पण तोंडातले पांढरे चट्टे मी रोज बघते, एकदा येऊन दाखवून जा.

एका गावच्या शाळेत आम्ही दात तपासायला गेलो होतो, गावाबाहेर लाल रंग मारलेला हापसा, म्हणजे याचं पाणी पिऊ नका अशी खूण. आठवीतली एक मुलगी हात तोंडावर ठेवूनच बोलायची. सगळे गेल्यावर मागं थांबली आणि विचारलं, "मॅडम, कोणती पेस्ट घासली तर हे जाईल?" तिनं तीन बदलून पाहिल्या होत्या, एक तर गोरे दात करणारी महागडी, आईनं बाजारात ऑफरला घेतलेली. मी तिला खरं सांगितलं की हे डाग दातात तयार होतानाच बसलेले आहेत, घासून कुठल्याच पेस्टनं जाणार नाहीत, पण पुढच्या दातांवर वरून भरता येतं, मी करून देईन. ती ऐकून घेऊन गेली आणि दहा मिनिटांनी पहिलीतल्या भावाला हाताला धरून घेऊन आली. तो तान्हा असताना गावात धरणाच्या पाण्याची पाइपलाइन आली होती, घरात तेव्हापासून तेच पाणी. "याचे बघा," म्हणाली. त्यानं तोंड उघडलं, खालचे पुढचे दोन पक्के दात नुकतेच वर आले होते, कडा अजून करवतीसारख्या दातेरी, मी टॉर्च मारून दोनदा पाहिलं. एकही पट्टा नव्हता. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि हात तोंडावर न ठेवता.