न दिसणाऱ्याचे मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात खासबागेच्या लाल मातीवर कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही की, सलामी झाली की दोन्ही मल्ल पाय फाकवतात, गुडघ्यात वाकतात, कंबर खाली घेतात आणि मग खडाखडी सुरू होते. जाणता प्रेक्षक पवित्रा पाहूनच कोण भक्कम उभा आहे ते ओळखतो. पण हा भक्कमपणा आकड्यांत कसा मांडायचा? जे डोळ्यांना थेट दिसत नाही ते मोजायचे कसे, आणि मोजताना आपल्या उपकरणाने त्यात किती ढवळाढवळ केली हे ओळखायचे कसे, यावर आज मी बोलणार आहे.

शरीरापासूनच सुरुवात करू. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून त्याच्या उंचीच्या साधारण 55 टक्क्यांवर, ओटीपोटाच्या भागात असतो. तेथून खाली सोडलेली उभी रेषा घोट्याच्या सांध्याच्या किंचित पुढे पडते, त्यामुळे शरीराचा कल सतत पुढे झुकण्याकडे असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू त्याला अखंड मागे ओढून धरतात. म्हणजे आपण ज्याला स्तब्ध उभे राहणे म्हणतो त्यातही शरीर डोलतच असते. हे डोलणे टिपण्यासाठी पायांखाली बलमापक पाट ठेवतात. त्याच्या चार कोपऱ्यांतील संवेदकांवर भार कसा वाटला जातो, त्यावरून पायांखालील दाबाचा केंद्रबिंदू क्षणोक्षणी कोठे सरकतो ते कळते. डोळे मिटायला सांगितले की त्या बिंदूची भटकंती वाढते, कारण तोल सांभाळण्यासाठी आंतरकर्ण आणि तळपाय यांच्याबरोबर नजरही काम करीत असते. मल्लाचा पवित्रा या भाषेत सांगायचा तर त्याने गुरुत्वमध्य खाली आणला आहे आणि पायांमधला आधार रुंद केला आहे.

येथे एक अडचण मला फार महत्त्वाची वाटते. माणसाला नुसते “ताठ उभे राहा” असे सांगितले तरी तो छाती काढतो, श्वास रोखतो, आणि आपल्याला मोजायची होती ती नेहमीची ठेवण तेवढ्यात नाहीशी होते. म्हणून प्रयोग करणारे सांगतात की, समोरच्या खुणेकडे पाहा आणि नेहमीसारखे उभे राहा. सूचनेचे शब्दसुद्धा उपकरणाचाच भाग असतात.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. चालत्या-धावत्या माणसाच्या हालचालींची एकामागून एक छायाचित्रे घेणाऱ्या या संशोधकाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत वाऱ्याकडे मोर्चा वळवला. 1901 साली त्यांनी काच लावलेल्या पेटीत धुराच्या 57 समांतर धारा सोडल्या आणि वाटेत ठेवलेल्या वस्तूभोवती त्या कशा वळतात, मागे कोठे विस्कटतात, याची छायाचित्रे घेतली. शरीराची हालचाल आणि हवेची हालचाल या दोन्हींकडे एकच माणूस एकाच नजरेने पाहत होता, याचे मला आजही अप्रूप वाटते.

वातबोगद्यात वस्तू स्थिर ठेवून हवा पळवतात, कारण बल ठरते ते दोहोंमधल्या सापेक्ष वेगावर. त्या वेगाचे एक जुने मापक म्हणजे 1732 साली फ्रेंच अभियंता आंरी पितो यांनी नदीच्या प्रवाहासाठी सुचवलेली नळी. वाऱ्याकडे तोंड केलेल्या छिद्रात हवा थांबते आणि तेथला दाब वाढतो. बाजूच्या छिद्रांना फक्त स्थिर दाब जाणवतो. या दोहोंच्या फरकावरून वेग निघतो. सेकंदाला 10 मीटर वेगाच्या वाऱ्यात हा फरक पाण्याच्या स्तंभात जेमतेम 6 मिलिमीटर दिसतो, आणि वेग दुप्पट केला की 24 मिलिमीटर होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मंद वाऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही महागात पडते. शिवाय नळी स्वतः प्रवाहात उभी असते आणि तो काही प्रमाणात बिघडवतेच. त्यावर उपाय म्हणून हवेत अतिसूक्ष्म थेंब मिसळतात, लेझरच्या पातळ प्रकाशपटलात त्यांची लागोपाठ दोन छायाचित्रे घेतात आणि थेंब किती सरकले त्यावरून वेग काढतात. सायकलपटूंनाही सायकलसह अशा बोगद्यात बसवून तपासतात. वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराचा बहुतांश जोर हवेशी झगडण्यात खर्च होतो, त्यामुळे पाठ वाकवण्यातला आणि कोपरे आत घेण्यातला लहानसा बदलही तेथे आकड्यांत उमटतो.

थेंबांनीच अदृश्य गोष्ट उघड करण्याची याहून विलक्षण कथा कणभौतिकीत आहे. स्कॉटलंडच्या सी. टी. आर. विल्सन यांना बेन नेव्हिस पर्वतावरच्या ढगांनी वेड लावले होते. त्यांनी पेटीतली दमट हवा एकदम प्रसरण पाववली. त्यामुळे ती थंड झाली आणि तीतून गेलेल्या विद्युतभारित कणाने मागे सोडलेल्या आयनांवर, म्हणजे विद्युतभार आलेल्या अणुरेणूंवर, पाण्याचे थेंब धरले. 1911 साली त्यांनी या वाटांची पहिली छायाचित्रे घेतली आणि 1927 साली त्यांना नोबेल मिळाले. याच तऱ्हेच्या अभ्रकोष्ठात, म्हणजे ढग धरणाऱ्या पेटीत, चुंबकीय क्षेत्रात वळलेल्या एका वाटेवरून कार्ल अँडरसन यांनी 1932 साली पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, ओळखला.

अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार झालेले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, या क्षणीही तुमच्या उघड्या तळहातातून सेकंदाला एखादा या गतीने पार होत आहेत. ज्यांना न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता आरपार जाणारे विद्युतभाररहित कण, शोधायचे असतात त्यांच्यासाठी मात्र हाच गलबला अडसर ठरतो. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे नेली आणि 1965 साली वातावरणातील न्यूट्रिनोंच्या खुणा मिळवल्या. वरचा खडक नको असलेले म्यूऑन अडवत होता. 4 जुलै 2012 रोजी युरोपातील सर्न या कणभौतिकी संस्थेने हिग्ज कणासारखा, म्हणजे मूलकणांना वस्तुमान कसे मिळते याच्या सिद्धांतातल्या कणासारखा, नवा कण सापडल्याचे जाहीर केले तेव्हाही गलबल्यातून खरा संकेत वेगळा काढण्याचीच कसोटी होती. असा कण नसताना केवळ योगायोगाने एवढा ठळक संकेत दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक इतकी खाली आल्यावरच शोध हा शब्द वापरला गेला.

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना माझी एक विनंती आहे. काचेची पेटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड नमदा, खाली काळी धातूची पट्टी आणि तिच्याखाली ड्राय आइस, एवढ्यावर अभ्रकोष्ठ तयार होतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि ज्योत जवळ येऊ देऊ नका. खोलीत अंधार करून बाजूने विजेरीचा झोत टाकला की काही मिनिटांत वाटा दिसू लागतात. आखूड आणि जाड दिसते ती अल्फा कणाची, वेडीवाकडी बारीक असते ती इलेक्ट्रॉनची, आणि लांब, सरळ गेलेली बहुधा म्यूऑनची.