सीग्रिम आणि केरन गावे

मंडळी, शत्रूच्या मुलखात उतरलेल्या गुप्त सैनिकांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो. पण त्या माणसाला भात कोणी रांधून घातला, कोणाच्या घरात तो झोपला, हे फारसे सांगितले जात नाही. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. इंग्रज फौज भारताकडे हटली, मेजर ह्यू सीग्रिम मात्र पूर्वेच्या डोंगरांत, केरन नावाच्या जमातीच्या मुलखात, मागे राहिला. इंग्रजांच्या बर्मा रायफल्स पलटणीतले केरन शिपाई बंदुकी घेऊन घरी परतले होते, त्यांना तो संघटित करू लागला. त्याच वर्षी जपान्यांच्या साथीने लढणाऱ्या बर्मी स्वातंत्र्यसेनेच्या तुकड्यांनी इरावतीच्या मुखाकडच्या केरन वस्त्यांत कत्तली केल्या होत्या. तेव्हा केरन लोक त्याच्या बाजूला गेले, ते काही नुसत्या साहेबप्रेमाने नव्हे.

सहा फूट चार इंच उंचीचा गोरा माणूस. केरन कपडे घातले तरी लपणार कुठे? आपल्या गावात तिन्हीसांजेला परका माणूस आला, तर जेवणे उरकायच्या आत साऱ्या गावाला कळते. तिथेही कळले होतेच. पण जपान्यांना कोणी सांगितले नाही.

१९४३ च्या उत्तरार्धात आणखी दोन इंग्रज अधिकारी पॅराशूटने उतरले. भारताशी वायरलेसने बोलणे सुरू झाले. जपान्यांना सुगावा लागला आणि झडत्या सुरू झाल्या. किमान २७० केरन पकडले गेले, त्यांत गावचे मुखिया आणि म्हातारी माणसेही होती. कित्येकांना हालहाल करून मारले. ते दोन अधिकारीही मारले गेले. शेवटी निरोप आला: सीग्रिम शरण आला तर गावांचा छळ थांबेल. मार्च १९४४ मध्ये तो स्वतःहून हजर झाला. खटल्यात त्याने विनवले, की ही माणसे माझ्या हुकमाने वागली, त्यांना सोडा. सप्टेंबरमध्ये रंगूनला त्याला मारले, सोबत त्याच्या केरन साथीदारांनाही.

कोणी विचारेल, आपल्या चिमूर तालुक्यात इंग्रज मेजरची थोरवी का? १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर याच इंग्रज सरकारच्या फौजेने चिमूरच्या बायाबापड्यांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. ते विसरून मी बोलत नाही. गावावर फौज सोडली की काय होते, हे आपल्या आज्यांनी सोसले आहे. म्हणून केरन मुखियांचे दुःख आपल्याला लवकर कळावे, असे मला वाटते.

१९४५ मध्ये त्याच डोंगरांत गुप्त अधिकारी पुन्हा उतरले. केरन तुकड्यांनी रंगूनच्या वाटेवरच्या टाउंगू गावाकडे धावणारी जपानी डिव्हिजन वाटेत अडवून धरली आणि इंग्रज फौज तिथे आधी पोचली. रंगूनचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला.

सीग्रिमला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा इंग्रजांचा मोठा शौर्यसन्मान मिळाला. केरनांना त्यांनी मागितलेले वेगळे राज्य मिळाले नाही. जानेवारी १९४९ मध्ये ते स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या सरकारविरुद्ध लढाईत उतरले, आणि ती लढाई त्यांच्या नातवंडांच्या वाट्यालाही आली.