मेणाचा हात

पंचवटीतलं आमचं जुनं घर. देव्हाऱ्यातल्या ताम्हनात शाळिग्राम, काळाभोर, तुकतुकीत. नेपाळातल्या काली गंडकीतून आलेला हा दगड म्हणजे अमोनाइटचा, समुद्रातल्या एका शंखधारी प्राण्याचा, जीवाश्म. नदीनं तो गुळगुळीत केला, पुढचं काम पंचामृतानं नि हातांनी.

मागच्या पडवीत दुसरा अमोनाइट आहे, कच्छचा. सुईनं आणि जुन्या टूथब्रशनं साफ केलेला. साफ झाला आणि पीठ फासल्यासारखा फिकट पडला! घासताना दगडावर बारीक ओरखडे पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो. पाणी लावलं की रंग येतो, वाळलं की जातो. मेण मात्र त्या खाचांत बसून राहतं.

मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं; आमच्या मे महिन्यात ते धूळ धरतं. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण ऐंशी अंशांपलीकडे तग धरतं. काळ्या दगडाला काही जण सरळ बूटपॉलिश लावतात. दिसतं झकास, पण तो रंग दगडाचा नव्हे, डबीचा.

दगड हेअर ड्रायरनं कोमट करायचा. सुती चिंधी बोटाला गुंडाळून मेणाला नुसती टेकवायची. तांदळाच्या दाण्याएवढं मेण पुरे. जास्त झालं तर कंगोऱ्यांमध्ये पांढरं साचतं, मग मऊ ब्रशनं उकरत बसा. थोडं थांबून कोऱ्या कापडानं घासलं की एकेक कंगोरा वर येतो.

पहिल्या वेळी मी घाई केली. मेण लावून झाल्यावर लक्षात आलं, कडेचा तुकडा हलतोय. मेणावर गोंद धरेना. अख्खी दुपार टर्पेंटाइननं मेण पुसण्यात गेली. तेव्हापासून जोडकाम आधी, मेण सगळ्यात शेवटी.

आणि काही ठिकाणी मेण नकोच. याच गोदावरीच्या गाळात, नांदूर मध्यमेश्वरला, हत्तीचे जीवाश्म सापडले. १९०५ साली भूशास्त्रज्ञ पिल्ग्रिम यांनी त्यांवर लिहिलं. तसलं सच्छिद्र हाड मेण पिऊन टाकतं, मग ते धड निघत नाही आणि अभ्यासाला अडचण होते. त्याला मजबुतीसाठी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड, म्हणजे एक अ‍ॅक्रिलिक रेझिन, देतात. ते पुन्हा अ‍ॅसिटोननं काढता येतं.

आई पडवीत डोकावते. अमोनाइट हातात घेते, उजेडाकडे धरते.

“छान झालाय. माझ्या देवाला मात्र हे लावायचं नाही हं.”