इंदिराराजेंचं पत्र

मंडळी, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यावर बोलायचं असलं की वक्त्याचं काम सोपं असतं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालयं, १९०४ चा बालविवाहाविरुद्धचा कायदा, टाळ्या ठरलेल्या. मी आज त्यांच्या लेकीबद्दल, इंदिराराजेंबद्दल, बोलणार आहे. या गोष्टीत महाराज जरा अवघडलेले दिसतील, एवढं आधीच सांगतो.

इंदिराराजे १८९२ च्या. शिकलेल्या, विलायत पाहिलेल्या. त्यांची सोयरीक ठरली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी. गायकवाड आणि शिंदे! याहून तोलामोलाचं स्थळ मराठ्यांत कुठून आणणार? पण माधवराव पंधरा वर्षांनी मोठे, पहिली राणी हयात, तिला मूल नाही, आणि ग्वाल्हेरला कडक गोषा. म्हणजे ही मुलगी दुसरी राणी म्हणून पडद्याआड जाणार होती.

मग आला डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. तिथे सयाजीरावांनी इंग्रज बादशहा पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालते झाले. त्यावरून विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला, तो आपल्याला पाठ आहे. त्याच दिवसांत, त्याच तंबूंच्या गावात, त्यांच्या मुलीचं मन बंगालकडच्या कूचबिहार संस्थानाच्या धाकट्या राजपुत्रावर, जितेंद्र नारायण यांच्यावर जडलं. बापाची बेअदबी जगाने पाहिली, लेकीची कुणाच्या लक्षातही आली नाही.

बडोद्याला परतल्यावर इंदिराराजेंनी काय करावं? रडल्या नाहीत, आईला मध्यस्थ घातलं नाही. सरळ माधवरावांना पत्र टाकलं की मला हे लग्न करायचं नाही. घरात कुणाला पत्ता नाही. तिकडे लग्नाची तयारी चाललेली. ग्वाल्हेरहून सयाजीरावांना तार आली, तिच्यात एवढंच विचारलेलं, की राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? तार हातात घेऊन उभे असलेले महाराज मला नेहमी डोळ्यांपुढे दिसतात. नवऱ्या मुलाला स्वतःच्या हाताने नकार कळवणारी मुलगी त्या काळात साध्या घरातही सापडली नसती.

माधवरावांनी मात्र मोठेपणा दाखवला. सयाजीरावांना समजुतीचं पत्र पाठवलं आणि खाली सही केली ती ‘तुमचा मुलगा’ अशी. हे मला फार आवडतं.

घरचे काही इतके उदार नव्हते. कूचबिहार म्हणजे मराठा नाही. जितेंद्र यांची आई सुनीतीदेवी ही ब्राह्मो समाज या सुधारणावादी पंथाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी, म्हणजे घर ब्राह्मो वळणाचं. त्यात राहणी साहेबी, आणि मुलगा धाकटा, गादीवर थोरला भाऊ. संस्थानाचा मान तेव्हा सलामीच्या तोफांवर मोजत: बडोद्याला २१ तोफांची सलामी, त्यांना १३ तोफांची. गंमत बघा, त्याच १९११ साली इंदिराराजेंच्या आई महाराणी चिमणाबाई यांच्या नावाने भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एक इंग्रजी ग्रंथ निघाला होता. आणि घरात मुलीवर पहारा! कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनाही इथे कुळ आठवलं. सुधारक खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण कायदा रयतेसाठी करणं वेगळं आणि तो लेकीच्या तोंडून ऐकणं वेगळं.

दीड वर्ष ओढाताण चालली. शेवटी १९१३ मध्ये लंडनला लग्न लागलं, ब्राह्मो पद्धतीने. आईवडील आले नाहीत. थोड्याच दिवसांत थोरले दीर वारले आणि जितेंद्र महाराजा झाले. पाच मुलं झाली. संसार मात्र नऊच वर्षांचा. १९२२ च्या डिसेंबरात, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशीच, जितेंद्र गेले. तिशीतल्या इंदिराराजेंनी मुलगा वयात येईपर्यंत संस्थान चालवलं.

आता पुढचं ऐका. त्यांची मुलगी गायत्रीदेवी जयपूरचे महाराज मानसिंह यांच्या प्रेमात पडली. मानसिंहांच्या आधीच्या दोन राण्या हयात, आणि जयपूरचा जनाना पडद्यातला. इंदिराराजेंनी विरोध केला. जयपूरच्या त्या गोतावळ्यात तू आणखी एक भर होशील, अशा अर्थाचं त्या मुलीला बोलल्या. मुलगी बधली नाही, वर्षानुवर्षं थांबली. मे १९४० मध्ये लग्न झालं. आई दुसरी राणी व्हायला तयार नव्हती. लेक आपखुषीने तिसरी झाली.