'का?' विचारण्याची शिस्त

श्रोतेहो, नमस्कार. कारखाना असो, बँकेची शाखा असो वा रुग्णालय, काही बिघडले की चौकशीच्या अहवालात एक वाक्य हमखास उमटते: 'संबंधित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला असून त्यास समज देण्यात आली आहे.' फाइल बंद होते आणि काही काळाने तोच बिघाड, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हातून, पुन्हा होतो.

हे टाळायचे, तर बिघाडाचे मूळ सापडेपर्यंत पुन्हापुन्हा, साधारण पाच वेळा, 'का?' विचारावे लागते. या पद्धतीचे जपानच्या टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीचे शिल्पकार तैइची ओनो यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. वंगण मिळत नव्हते, कारण पंप ते नीट ओढत नव्हता. पंपाचा शाफ्ट झिजला होता आणि तो झिजला, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि जरा पुढे जाणारा शाफ्ट बदलतो. गाळणी बसेपर्यंत यंत्र मात्र पुन्हापुन्हा बंद पडत राहते. या साखळीतल्या एकाही उत्तरात कुणा माणसाचे नाव नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

अर्थात पाच वेळा 'का' विचारलेच पाहिजे असे नाही. कधी तिसऱ्या प्रश्नालाच मूळ सापडते. शिवाय खरे बिघाड क्वचितच एका सरळ रेषेत घडतात. म्हणूनच जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती रूढ केली, जिच्यात यंत्र, माल, पद्धत, माणूस अशा वेगवेगळ्या काट्यांवर संभाव्य कारणे मांडता येतात. मात्र फळ्यावर लिहिलेले कारण हा केवळ अंदाज असतो, आणि तो जागेवर जाऊन पडताळावा लागतो.

तांत्रिक कारण सापडले, तरी शोध तिथे संपत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे कोलंबिया यान कोसळले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता, हे तांत्रिक कारण झाले. परंतु चौकशी मंडळाने नासाच्या कार्यसंस्कृतीलाही तितकेच जबाबदार धरले. पूर्वीच्या उड्डाणांतही फोम निखळला होता, तरी अंतराळयाने सुखरूप परतल्यामुळे ती बाब नित्याची मानली गेली. पंखाची छायाचित्रे मिळावीत ही अभियंत्यांची विनंतीही मान्य झाली नाही.

त्यामुळे बिघाडाचे मूळ शोधण्यासाठी घेतलेल्या बैठकीचे संचालन करणाऱ्याने पद्धतीपेक्षा माणसे बोलती करण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर आणि मेन्टेनन्सचा फिटर यांना आधी बोलू द्यावे व विभागप्रमुखांनी शेवटी बोलावे. साहेबांनी सुरुवातीलाच निदान सांगितले, तर बाकीचे नुसत्या माना डोलावतात. 'तू हे का केलेस?' असे विचारण्याऐवजी 'त्या वेळी तुझ्यासमोर काय दिसत होते?' असे विचारल्यास बचाव मिळत नाही, माहिती मिळते. शिस्तभंगाची चौकशी खरोखर आवश्यक असेल, तर ती स्वतंत्रपणे व दुसऱ्या व्यक्तीकडून व्हावी, कारण जिथे मेमो मिळण्याची धास्ती असते, तिथे गाळणी बसवलेलीच नाही, हे ठाऊक असलेला माणूसही गप्प बसतो.