एका स्ट्रँडवर ए आणि टी सारखे असतात का?

नमस्कार मंडळी! डीएनएच्या पेडावर, म्हणजे स्ट्रँडवर, चार प्रकारचे घटक ओळीने असतात, त्यांना बेस म्हणतात: ए (ॲडेनीन), टी (थायमीन), जी (ग्वानीन), सी (सायटोसीन). मागच्या व्हिडिओखाली याबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. 'ताई, एका स्ट्रँडवर ए 10 टक्के दिलाय, मग टी पण 10च ना?' नाही. आजचा अख्खा व्हिडिओ या 'नाही'वर आहे.

सोपं ते आधी उरकू. ए समोर टी, जी समोर सी. म्हणजे दुपेडी, दोन समोरासमोरच्या स्ट्रँडच्या, डीएनएत ए 30 टक्के असेल तर टी पण 30. झाले 60. उरले 40, ते जी आणि सी मध्ये निम्मे निम्मे, 20-20. माणसाच्या डीएनएत प्रमाण साधारण हेच आहे. ए आणि जी मिळून 50, एवढं डोक्यात ठेवलंत तर वही-पेन लागत नाही. पुढे चला.

आता बोर्डाकडे बघा. वरच्या स्ट्रँडवर लिहिते: ए ए ए टी जी सी. खाली काय येणार? टी टी टी ए सी जी. वरच्या ओळीत ए किती? तीन. टी किती? एक. सारखे आहेत? मुळीच नाहीत! आता दोन्ही ओळी मिळून मोजा. ए चार, टी चार. बरोबरी दोन्ही ओळी मिळून होते. वरच्या ए चा जोडीदार वरच्या ओळीत नाहीच, तो खाली बसलाय.

हेच टक्क्यांत. एका स्ट्रँडवर ए 10, टी 30, जी 20, सी 40. समोरच्यावर टी 10, ए 30, सी 20, जी 40. पूर्ण डीएनएत ए किती? 10 आणि 30 ची सरासरी, 20. टी पण 20. जी आणि सी 30-30. इथे बरीच मुलं सरासरी न काढता बेरीज करतात आणि ए 40 लिहितात. अरे, दोन्ही स्ट्रँड मिळून बेस दुप्पट झाले, मग टक्केवारी दुपटीवर काढायला नको?

एकाने लिहिलंय, 'आमच्या क्लासच्या नोट्समध्ये ए बरोबर टी, एवढंच आहे.' मला याचाच राग येतो. 'दुपेडी' हा एक शब्द गाळायचा आणि मुलांनी मार्क घालवायचे! अर्विन चारगाफने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पेपर क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे कागदावर घटक वेगळे करून, वेगवेगळ्या जिवांच्या डीएनएतले बेस मोजले. तोवर फीबस लेव्हीनच्या मांडणीमुळे चारही बेस सारखेच असतात असा समज होता. 1950 च्या सुमारास चारगाफने दाखवलं की प्रमाण जीवागणिक बदलतं, पण ए आणि टी, जी आणि सी जवळपास सारखे येतात. असं का, ते 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिकच्या दुपेडी रचनेने उलगडलं. नियम टिकतो तो दोन पेडांमुळे!

अजूनही पटत नसेल तर फाय-एक्स-174 घ्या, ई. कोलाय या जिवाणूला लागण करणारा विषाणू. त्याच्या कणात डीएनए एकपेडी असतो. 5386 बेस, त्यात ए सुमारे 24 टक्के आणि टी सुमारे 31. समोर स्ट्रँडच नाही, तर बरोबरी कुठून येणार? म्हणून पेपरात 'ए 24, टी 31' असं दिसलं की छपाईची चूक समजू नका. डीएनए एकपेडी आहे, हेच उत्तर परीक्षकाला हवं असतं.

जोडीतले दोन बेस धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधांचंही विचारलंय, पटकन सांगते. 1000 बेस जोड्या, ए 20 टक्के. बेस 2000, म्हणून ए 400. ए-टी जोड्या 400, जी-सी 600. ए-टी जोडीत दोन-दोन आणि जी-सी जोडीत तीन-तीन बंध: 800 अधिक 1800, म्हणजे 2600. 'जोड्या' हा शब्द दोनदा वाचा.

आता तुम्ही सोडवा. एका स्ट्रँडवर ए 15, टी 25, जी 28 टक्के. पूर्ण डीएनएत जी किती? कमेंटमध्ये नुसता आकडा नको, पायऱ्या लिहा. हे दोन रीतींनी सुटतं, दोन्ही लिहिणाऱ्यांची उत्तरं मी आधी वाचेन.