करकर काढू नका

मंडळी, नमस्कार. आज मी एका अमेरिकन गायकाच्या अल्बमबद्दल बोलणार आहे. अमळनेरात, बोरीच्या काठावर बसून कॅलिफोर्नियातल्या तुरुंगाची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. थोडा दम धरा. ती गोष्ट फिरून आपल्याच अंगणात येते.

जॉनी कॅश हा तो गायक. आवाज खर्जातला, जाड, फारसा न फिरणारा. साथीला गिटार, बास आणि ड्रम. ताल असा, की गाडी एका लयीत रुळांवरून चालली आहे. भुसावळकडच्या माणसाला हा ताल समजावून सांगावा लागत नाही. १९५५ मध्ये त्याचं एक गाणं आलं, फॉल्सम तुरुंगातल्या कैद्याच्या तोंडचं. स्वतः त्याने तुरुंगाची शिक्षा कधी भोगली नव्हती. हवाई दलात असताना जर्मनीत त्या तुरुंगावरचा एक सिनेमा त्याने पाहिला होता, त्यावरून ते गाणं झालं. पण कैद्यांना ते आपलं वाटलं. त्यांची पत्रं येऊ लागली, आणि १३ जानेवारी १९६८ रोजी तो फॉल्समच्या जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन उभा राहिला. हा अल्बम, ‘अॅट फॉल्सम प्रिझन’, त्याच दिवशी तिथे रेकॉर्ड झाला.

वेळ बघा. पहिला कार्यक्रम सकाळी पावणेदहाच्या आत सुरू झाला. ज्या वेळी गवयाचा गळा अजून उघडलेला नसतो, ती वेळ. दुपारी दुसरा झाला, पण तोवर मंडळी थकली होती. अल्बममध्ये बहुतेक गाणी पहिल्या कार्यक्रमातली आहेत आणि दुसऱ्यातली फक्त दोन.

ऐकताना काय सापडतं? मध्येच लाउडस्पीकरवरून कैद्याचा नंबर पुकारला जातो, अमक्याला बोलावलंय. कोळशाच्या खाणीवरचं एक गंभीर गाणं आहे. त्यात समोर कुणीतरी काहीतरी करतं, कॅशला हसू आवरत नाही, आणि गाता गाताच तो म्हणतो, गाण्यात हसायचं नाही. स्टुडिओत हे झालं असतं तर पुन्हा घेतलं असतं. इथे ते राहिलं, आणि मला विचाराल तर त्या हसण्यामुळे खाण जास्त काळी वाटते. अंधारात काम करणारी माणसं हसतातच. आपल्याकडे कापूस वेचायला गेलेल्या बायांच्या घोळक्यात बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या फॉल्समच्या गाण्यात एक ओळ आहे, रिनो गावात मी एकाला गोळी घातली, केवळ तो मरताना बघायला. त्या ओळीवर रेकॉर्डमध्ये कैदी जोरात ओरडतात. अंगावर काटा येतो. ते ओरडणं खोटं आहे. नंतर स्टुडिओत जोडलेलं. प्रत्यक्षात कैदी त्या दिवशी जपून होते. तुरुंगाबद्दल काही निघालं की आवाज करत नव्हते, कारण पहारेकरी बघत होते आणि कार्यक्रम संपल्यावर गायक घरी जाणार होता, ते नव्हते.

हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं झालं. बरेच दिवस रेकॉर्ड लावली नाही. मग पुन्हा लावली आणि उलटं झालं: मी त्या गप्प बसलेल्या माणसांना ऐकायला लागलो. जिथे टाळी पडायला हवी होती आणि पडली नाही, ती जागा. भीतीचासुद्धा आवाज रेकॉर्ड होतो हे मला तिथे कळलं. आपण ‘कच्चं’ रेकॉर्डिंग म्हणतो तेव्हा वाद्यं कमी किंवा खरखर जास्त एवढंच म्हणायचं नसतं. त्यात ऐकणाऱ्यांची हजेरी लागलेली असते. गाणारा कुणासमोर गातोय हे कळतं, आणि त्यामुळे तो का गातोय हेही कळतं.

शेवटचं गाणं तर एका कैद्याचंच आहे. ग्लेन शर्ली त्याचं नाव. त्याने केलेल्या गाण्याची टेप एका धर्मोपदेशकाने आदल्या रात्री कॅशला ऐकवली. रात्रीतून त्याने ते बसवलं, आणि सकाळी गायलं तेव्हा शर्ली समोर, पहिल्या रांगेत होता. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका रात्रीत बसवलेलं गाणं घोटीव कसं असेल? ते तसं नाहीच, आणि असतं तर मला नको होतं.

आता आपलं अंगण.

माझ्या मोठ्या मायची एक कॅसेट आमच्या घरी आहे. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. निंबाला झोके बांधलेले, लेकी माहेरी आलेल्या, गौराईची गाणी चाललेली. काकांनी टेपरेकॉर्डर पारावर ठेवला आणि बटण दाबलं, एवढंच. मोठी माय गाते, बाया मागून ओढतात. झोका वर गेला की आवाज लांब जातो, खाली आला की कानाशी येतो. मागे कड्यांची करकर. एका ठिकाणी तिचा दम तुटतो आणि कुणीतरी म्हणतं, “थांब वं माय, पानी पे.”

काही वर्षांपूर्वी कॅसेट खराब व्हायला लागली म्हणून मी ती एका स्टुडिओत नेली. त्यांनी मन लावून काम केलं. गोंगाट काढला, आवाज एका पातळीवर आणला, दम तुटलेली जागा कापून जोडली. मी खुशीत घरी आलो आणि फुईला, म्हणजे आत्याला, ऐकवलं. ती त्या दिवशी झोक्यावर होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “झोकानी करकर कथा गयी?” झोक्याची करकर कुठे गेली?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज एका पातळीवर आला होता, म्हणजे झोका थांबला होता.

याच जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी. आसोद्याच्या. त्या जात्यावर, शेतात गात होत्या. मुलाने त्या ओव्या लिहून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. शब्द आपल्यापर्यंत आले, त्याचे उपकार फिटणार नाहीत. पण जात्याची घरघर आली नाही. दळण संपत आल्यावर हात हलका होतो तेव्हा ओवी कशी सैल पडायची, ते आता कुठून ऐकणार?

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आपल्या कानबाई देवीची गाणी रेकॉर्ड करता, वहीगायनाच्या, म्हणजे डफावरच्या लोकगाण्यांच्या, रात्री मोबाइल धरता, फार चांगलं करता. पण डफ शेकोटीवर शेकताना जे बोलणं चालतं तेही घ्या. पोर रडलं तर थांबवू नका. म्हातारीला सूर सापडेपर्यंत दोन ओळी जातात, त्या ठेवा. आणि नंतर साफ करायला कुणाकडे दिलंत तरी मूळ प्रत पुसू नका. आमची मूळ कॅसेट कपाटात राहिली होती, म्हणून आज ती इथे आहे.

फुई पुढे बसली आहे. जरा पंखे बंद करता का? लावतो.